व्हिसा रखडला, तारीख जवळ आली : वाचकांचे प्रश्न

मे महिन्यात स्वित्झर्लंड आणि पॅरिसचा १२ दिवसांचा बेत आहे. मार्चमध्ये अपॉइंटमेंट शोधायला गेलो तर स्विसची एकही तारीख शिल्लक नाही. एजंट म्हणतो, ज्या देशाची मिळेल त्याचा व्हिसा काढू, शेंगेनमध्ये सगळीकडे चालतो. असं करावं का? (दादर)

करू नका. युरोपातल्या शेंगेन गटाच्या २९ देशांत एकच व्हिसा चालतो हे खरं, पण अर्ज कुणाकडे करायचा हे नियमाने ठरलेलं आहे. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्याच्याकडे. मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशातून आधी शिरणार त्याच्याकडे. एजंट तिसऱ्याच देशाचं हॉटेल दाखवून अर्ज भरेल आणि नंतर ते बुकिंग रद्द करेल. झुरिकला उतरल्यावर अधिकाऱ्याने हॉटेल विचारलं आणि तुमचा सगळा मुक्काम भलतीकडेच निघाला, तर प्रवेश नाकारता येतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. ती नोंद शेंगेन देशांच्या सामाईक प्रणालीत राहते आणि पुढच्या अर्जाला नडते. एजंटाचं त्यात काही जात नाही.

सरळ मार्ग असा की बेतच बदला. फ्रान्सची तारीख मिळत असेल तर खरोखरच पॅरिसला सात रात्री राहा आणि स्वित्झर्लंडला चार. तसं असेल तर फ्रान्सकडे अर्ज करण्यात काही गैर नाही.

मुळात मुंबईकरांचं घोडं अडतं ते अपॉइंटमेंटपाशी. शाळांना सुट्टी लागली की सगळे एकाच वेळी निघतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तारखांवर उड्या पडतात. नियम मात्र प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करू देतो. १० मेला निघायचं असेल तर १० नोव्हेंबरपासून दार उघडं असतं. शेवटची मुदत १५ दिवस आधीची, पण तिच्यावर विसंबून कुणी विमानाचं तिकीट काढू नये.

अर्ज देऊन चार आठवडे झाले. निघायला नऊ दिवस उरलेत, पासपोर्ट परत नाही. व्हिसा अर्ज केंद्रात विचारलं तर ‘दूतावासाकडे आहे’ एवढंच सांगतात. आम्ही प्रीमियमचे पैसेही भरले होते. (विलेपार्ले)

आधी प्रीमियमचं. त्या पैशांत बसायला वेगळी खोली, फॉर्म तपासून देणं, फोटोकॉपी, कुरिअर अशा सोयी मिळतात. निर्णय दूतावास घेतो आणि त्याच्या रांगेत या पैशांनी तुमचा नंबर पुढे सरकत नाही. केंद्राचं काम कागद आणि बोटांचे ठसे घेऊन पुढे पाठवणं एवढंच, त्यामुळे तिथला माणूस खरोखर अधिक काही सांगू शकत नाही.

निर्णयाची मुदत साधारण १५ दिवस असते. कागद अधिक तपासायचे असतील तर ती ४५ दिवसांपर्यंत वाढवता येते, म्हणजे चार आठवडे ही नियमबाह्य दिरंगाई नव्हे. रोज ईमेल करू नका. एकच लिहा: अर्जाचा क्रमांक, पासपोर्ट क्रमांक, निघण्याची तारीख, सोबत तिकिटाची प्रत. अर्जात दिलेला मोबाइल चालू ठेवा आणि अनोळखी नंबर उचला. दूतावास कधी फोनवर नोकरीबद्दल किंवा मुक्कामाबद्दल चौकशी करतो. फोन कुणी उचललाच नाही, तर शंका तशीच राहते. एजंटाने फॉर्ममध्ये स्वतःचाच नंबर टाकला नाही ना, तेही बघा. हे नेहमी घडतं.

पासपोर्ट मागे घेता येतो, पण बहुतेक वेळा अर्ज सोडून द्यावा लागतो आणि ९० युरोंचं शुल्क बुडतं (६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ). त्यापेक्षा विमान कंपनीला तारीख बदलण्याचा खर्च विचारा. प्रवास विम्यावर भिस्त ठेवू नका. शेंगेनला लागणारा किमान ३०,००० युरोंचा विमा आजारपणासाठी असतो. व्हिसा न मिळाल्याची भरपाई हवी असेल तर ती पॉलिसीत वेगळी लिहिलेली असावी लागते.

रखडण्याचं नेहमीचं कारण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये सापडतं. तीन महिने खात्यात ४० हजार आणि अर्जाच्या आठवड्यात एकदम पाच लाख जमा झाले, तर ते उसने आणल्यासारखे दिसतात. मुदत ठेव मोडली असेल तर बँकेची पावती जोडा, वडिलांनी दिले असतील तर त्यांचं पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट.

व्हिसा हातात पडला की केंद्रातच वाचा. स्टिकरवर दोन तारखांच्या मध्ये २५ दिवस असतील, पण खाली मुक्काम १५ दिवस छापला असेल तर १५ दिवसच. आणि एका प्रवेशाचा व्हिसा असताना पॅरिसहून दोन दिवस शेंगेनबाहेरच्या लंडनला गेलात, तर परत पॅरिसला येता येणार नाही.

माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, दुबईचं तिकीट सासरच्या नावाने निघालंय. यजमानांच्या पासपोर्टवर तर आडनावाचा रकाना रिकामा आहे. (ठाणे)

तुमचं सोपं आहे. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलण्याची सक्ती नाही. तिकीट पासपोर्टप्रमाणे करून घ्या. दोनचार अक्षरांची चूक विमान कंपनी दुरुस्त करते, अख्खं आडनाव बदलायला मात्र काही कंपन्या तिकीट रद्द करून नवं काढायला लावतात. म्हणून आजच फोन करा.

यजमानांचं काम मोठं आहे. पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्यांना यूएई नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटक व्हिसावर घेत नाही, आणि विमान कंपनी मुंबईच्या काउंटरवरच थांबवते. आडनाव घालून पासपोर्ट नव्याने काढणं हाच पक्का उपाय. ३६ पानांसाठी १,५०० रुपये, तत्काळला वर २,०००. नव्या पासपोर्टवर नव्या नावानेच व्हिसा आणि तिकीट करा.

मुलांचे पासपोर्ट चार वर्षांपूर्वीच काढले, तरी सिंगापूरसाठी नवे काढा म्हणतात. (बोरिवली)

प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांहून कमी वैधता उरत असेल, तर बरोबर म्हणतात. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि सिंगापूरला उतरताना सहा महिन्यांची वैधता लागते. आईवडिलांचा दहा वर्षांचा असल्याने हे लक्षातच येत नाही.

ऑगस्टमध्ये मसाई मारा. पिवळ्या तापाची लस खरंच लागते का? केनियाच्या ईटीएच्या (ऑनलाइन प्रवास परवान्याच्या) अर्जात तर कुणी विचारली नाही. (मुलुंड)

भारतातून थेट जाणाऱ्याला केनिया ती सहसा विचारत नाही. अडवणूक परतताना सहार विमानतळावर होते. पिवळ्या तापाच्या देशांतून येणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यायची. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली चिठ्ठी चालत नाही. सरकारी केंद्रांत ठरावीक वारीच लस देतात, तेव्हा महिनाभर आधी जा. ही जिवंत विषाणूंची लस आहे. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण, साठीच्या पुढचं वय किंवा नऊ महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा.

थायलंडच्या अरायव्हल कार्डासाठी एका वेबसाइटने माणशी तीन हजार घेतले. (डोंबिवली)

ते कार्ड फुकट आहे. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं झालं. थायलंडच्या इमिग्रेशनच्या साइटवर उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. सिंगापूर आणि मलेशियाचंही तसंच. शोधताना वर जाहिरात म्हणून येणारी साइट उघडू नका.

आईचा अमेरिकेचा व्हिसा २०३३ पर्यंत आहे. नातीच्या बारशासाठी मुक्काम दोन महिने वाढवला तर चालेल ना? (गिरगाव)

व्हिसावरची तारीख विमानतळापर्यंत पोहोचण्यासाठी. मुक्काम किती, ते आय-९४ या नोंदीत असतं. पर्यटकाला बहुधा सहा महिने मिळतात. ती नोंद अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या साइटवर पासपोर्ट क्रमांक टाकून दिसते. एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तो दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो. मुदत संपल्यावर १८० दिवसांहून जास्त राहून निघालात तर तीन वर्षं, मुदतीनंतर वर्षभर किंवा अधिक राहिलात तर दहा वर्षं प्रवेशबंदी.

मुदतवाढ हवीच असेल तर आय-५३९ हा अर्ज आय-९४ ची तारीख उलटण्याआधी, शक्यतो ४५ दिवस आधी भरावा. उतरल्याच्या आठवड्यातच नोंद तपासा. नाव किंवा तारीख चुकलेली असेल तर अमेरिकेत असतानाच ती दुरुस्त करून घेता येते. आणि निघताना अमेरिका पासपोर्टवर शिक्का मारत नाही, म्हणून परतीचा बोर्डिंग पास जपून ठेवा.