वजन जास्त असेल तर हृदयासाठी जोरात व्यायाम करावा की नुसतं चालावं?

तुमचा प्रश्न असा: वय ४३, वजन १०२ किलो, जिममधला ट्रेनर हिट (थोडा वेळ पूर्ण जोर, मग थोडी उसंत, असा आलटून-पालटून व्यायाम) करा म्हणतो, घरचे म्हणतात चालणं पुरे. हृदयाला फायदा कशाने?

भाऊ, तीन वर्षांपूर्वी माझंही वजन १०४ होतं. टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मल. पण खाली एक ओळ होती: ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन. हृदय आवळतं चांगलं, सैल व्हायला मात्र वेळ घेतं. लठ्ठपणात अंगातलं रक्त वाढतं, डाव्या कप्प्यावर कामाचा बोजा पडतो आणि त्याची भिंत हळूहळू जाड, ताठ होत जाते.

व्यायामाचा जोर इथेच महत्त्वाचा ठरतो. हृदय भरतं ते दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात. ठोके ८० वरून १५० वर गेले की तो वेळ फार कमी उरतो. ताठ कप्पा तेवढ्यात नीट भरत नाही, मागे फुफ्फुसांपर्यंत दाब चढतो आणि धाप लागते. मी पहिल्याच आठवड्यात ट्रेडमिलवर पळालो, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि भीतीने महिनाभर घरीच बसलो. त्या महिन्याचं आजही वाईट वाटतं.

मग सेमिनरी हिल्सचा चढ धरला. पहाटे साडेपाचला, मे महिन्यात पाचलाच, कारण नागपूरच्या उन्हात ठोके तसेही वाढलेले असतात. चढताना बाराचा पाढा मोठ्याने म्हणायचो. 'बारा सक बहात्तर' एका दमात निघालं तर वेग बरोबर. प्रत्येक आकड्याला श्वास घ्यावा लागला तर जोर जास्त. पाढ्यासोबत गाणंही म्हणता आलं तर पाय उचला! बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ठोके दबलेले राहतात, घड्याळातला आकडा फसवतो. पाढा फसवत नाही.

जोराचा व्यायाम वाईट नाही, हेही सांगतो. डेन्मार्कमध्ये पोट सुटलेल्या ५० जणांवरचा अभ्यास २०१९ मध्ये आला. १२ आठवड्यांच्या इंटरव्हल, म्हणजे हिटसारख्या व्यायामाने हृदयाभोवतीची चरबी सुमारे एक तृतीयांश घटली, वजनं उचलणाऱ्यांची सुमारे एक चतुर्थांश. दुसरीकडे, ताठ हृदयाच्या १८० रुग्णांवरच्या २०२१ च्या अभ्यासात हिट आणि मध्यम व्यायाम यांत व्यायामाची ताकद (स्टॅमिना) वाढण्याच्या बाबतीत खास फरक दिसला नाही. म्हणून माझं मत: आधी आठवड्याला १५० मिनिटं झपाट्याने चालणं अंगवळणी पाडा, दोन दिवस हलकी वजनं उचला. दोन-तीन महिन्यांनी, डॉक्टरांकडून स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी) करून घेऊन, मग चढावर मिनिटभराचा जोर लावा.

छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, यातलं काहीही झालं तर जागीच थांबा. बसूनही कमी झालं नाही तर १०८ ला फोन करा. थांबल्यावर बरं वाटलं तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.