व्हॅम्पायरशी प्रेम जमलं, तर बदलायचं कोणी?

तुम्ही विचारलंय की मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथांमध्ये, माणूस आणि व्हॅम्पायर प्रेमात पडले, तर शेवटी दोघांपैकी एकाला बदलावंच लागतं का. आहेत तसे राहून त्यांचा संसार होत नाही का?

मी वाचलेल्या बहुतेक मालिकांत कोणीतरी बदलतंच. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की बदलताना त्याचं काय सुटतं. (पुढे दोन मालिकांचे शेवट सांगितलेत. स्वतः वाचायचे असतील तर इथेच थांबा.)

युना कागेसाकी यांची ‘कारिन’ घ्या. २००३ ते २००८, १४ खंड. कारिन व्हॅम्पायर घराण्यातली, पण सगळंच उलटं. ती रक्त पीत नाही, तिच्या अंगात ते वाढत जातं. कोणाला तरी चावून ते त्याच्या अंगात सोडावं लागतं, नाहीतर नाकातून धो धो वाहतं. त्यातून दुःखी माणूस जवळ आला की रक्त उसळतंच. आणि तिच्या वर्गात येतो केंता उसुई. घरात पैसा नाही, आईची नोकरी टिकत नाही. तो नुसता शेजारून गेला तरी हिचा जीव कासावीस! यावर खरा उपाय एकच, तो सुखी व्हायला हवा. कारिन त्याच्यासाठी रोज डबा करून आणायला लागते. व्हॅम्पायरच्या गोष्टीत प्रेम डब्यातून उमलतं, हे मला अजूनही फार आवडतं.

शेवटी कारिन माणूस होते. केंताशी लग्न होतं, मुलगी होते. पण तिच्या घरचे तिच्या मनातून स्वतःची आठवण पुसून टाकतात. चावलेल्या परक्या माणसांना घडलेलं विसरायला लावणं हे त्यांचं नेहमीचं काम, तीच विद्या ते पोटच्या पोरीवर वापरतात. आपल्याकडे मुलगी सासरी गेली तरी माहेर आठवणीत राहतं. हिला आपल्याला माहेर होतं हेही माहीत नाही. ते पान वाचून मी रडले होते. आईवडिलांनी हे मायेपोटीच केलं हे कळतं, तरी तिला विचारायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

मात्सुरी हिनो यांच्या १९ खंडांच्या ‘व्हॅम्पायर नाइट’मध्ये किंमत याहून मोठी आहे. युकी मुळात व्हॅम्पायरच, तिच्या आईने स्वतःचा जीव देऊन तिला माणूस केलेलं असतं. हजार वर्षांनी युकी तसाच आपला जीव देते आणि तिचा प्रियकर, व्हॅम्पायर कानामे, माणूस म्हणून जागा होतो. मधला राजकारणाचा भाग मला कंटाळवाणा वाटला, पण या शेवटासाठी तो वाचावा.

कोतोयामा यांच्या ‘योफुकाशी नो उता’मध्ये मात्र को यामोरीला स्वतःलाच व्हॅम्पायर व्हायचंय. नियम असा, की चावणाऱ्यावर प्रेम असेल तरच माणूस बदलतो. आणि प्रेम म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही.

सुरुवात ‘कारिन’पासून करा. पहिल्या खंडांत नाकातल्या रक्ताचेच विनोद फार आहेत, तेवढ्यावरून सोडू नका.