एआयच्या बातम्या आणि मागे राहिलेला पेपर

"मॅडम, या एआयमुळं आमच्या पोराला नोकरी लागणार की नाही, तेवढं एक सांगा."

मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न अलीकडे माझ्याकडे सगळीकडून येतोय. बेळगावच्या शहापूर-वडगावातून, खानापूरच्या बाजूच्या गावांतून, निपाणीहूनसुद्धा. विचारणारे बहुतेक आईवडील असतात आणि मुलं इंजिनिअरिंगला, बीसीएला किंवा डिप्लोमाला. एका मुलाच्या अनुभवातून मी याचं उत्तर देते. घरच्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नाव मुद्दामच देत नाही.

मुलगा कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला. घर शहापुरातलं, विणकराचं. आजोबांचा हातमाग होता, वडिलांनी काही वर्षं यंत्रमाग चालवले, पुढे ते विकले आणि आता ते उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहेत. वडीलच त्याला घेऊन आले. म्हणाले, "पोरगं रात्रभर मोबाईल बघत बसतंय. जेवणाकडं लक्ष नाही. आता म्हणतंय इंजिनिअरिंग सोडतो. आमच्या मेहुण्याचं खडेबाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय, त्याला विचारलं. तो बी म्हणाला, कॉम्प्युटरचं आता काय खरं नाही."

मुलगा खाली मान घालून बसला होता. वडील बाहेर गेल्यावर त्याने एकच वाक्य टाकलं, "मॅडम, शिकून तरी काय करायचं सांगा."

मी त्याला समजावायला गेले नाही. "काही होत नाही रे, एआय येऊ दे" असं म्हणणं सोपं असतं, पण ते मामांच्या मताइतकंच हवेतलं असतं आणि मुलांना ते लगेच कळतं. मी त्याला मोबाईल उघडायला सांगितलं आणि आदल्या रात्री काय काय पाहिलं त्याची यादी आम्ही दोघांनी मिळून वाचली.

ती यादी वाचणं हाच या समुपदेशनातला पहिला मोठा टप्पा ठरला. वरती एक बातमी होती. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये आपल्या मनुष्यबळातले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास लोक कमी करणार असं जाहीर केलं होतं, ती. बातमी खरी. पण तिच्याखालचे एकामागून एक व्हिडिओ त्याच बातमीवर उभे होते. एकाने तिचा अर्थ लावला, दुसऱ्याने त्या अर्थावर मत दिलं, तिसऱ्याने त्या मतावरून २०३० साली कुठल्या पाच नोकऱ्या उरतील ते सांगितलं. एकाच्या शेवटी तर कोर्सची जाहिरात होती, आजच फी भरली तर सवलत. मुलाला वाटत होतं, इतके सगळे जण वेगवेगळे सांगतायत म्हणजे खरंच असणार. बोट ठेवून वर-खाली पाहिल्यावर त्याच्याच लक्षात आलं की बातमी एकच आहे आणि बोलणारे बरेच आहेत.

असं का होतं, तेही मी त्याला सांगितलं, कारण हे पालकांनाही ठाऊक असायला हवं. या प्लॅटफॉर्मचं गणित तुम्हाला काय आवडलं यापेक्षा तुम्ही कशावर थांबलात यावर जास्त चालतं. भीतीने थांबलात तरी ते थांबणंच. एक घाबरवणारा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला की तसलाच दुसरा पुढे येतो. रात्री दोन वाजता त्या मुलाला जी दुनिया दिसत होती, ती त्याच्याच थांबण्यातून तयार झालेली होती. शेजारच्या खाटेवर झोपलेल्या त्याच्या बहिणीच्या मोबाईलमध्ये त्या वेळी मेंदीची डिझाइन्स होती.

आमच्या शास्त्रात आणखी एक गोष्ट वारंवार दिसते. चिंता करणारा माणूस खात्री शोधत असतो. एकदा नक्की काय ते कळलं की झोप लागेल, असं त्याला वाटतं, म्हणून तो आणखी वाचतो. पुढच्या दहा वर्षांबद्दलची खात्री मात्र कुठल्याच व्हिडिओत नसते. मग वाचन वाढतं, खात्री येत नाही, चिंता आणखी वाढते. हा मुलगा याच फेऱ्यात सापडला होता.

मी त्याला एक वही करायला सांगितली. काहीही वाचलं की त्यात लिहायचं: हे घडलं आहे, कुणी जाहीर केलं आहे, की होईल असं कुणी म्हणतंय? "होईल" असेल तर कोण म्हणतंय, कधीपर्यंत, आणि त्याला काही विकायचंय का? पुढच्या भेटीला वही भरून आली. घडलेल्या गोष्टी थोड्या, जाहीर झालेल्या त्याहून थोड्या जास्त, आणि पानंच्या पानं भरली होती "होईल"ने.

त्या पानांत एआयचे मोठे संशोधक जेफ्री हिंटन यांचं नाव बऱ्याचदा होतं. मुलगा म्हणाला, "मॅडम, हे साधेसुधे यूट्यूबवाले नाहीत. यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालंय." बरोबर आहे. हिंटन यांच्या बोलण्याला वजन आहे आणि मी ते कमी लेखत नाही. पण मी त्याला हिंटन २०१६ साली काय म्हणाले होते ते शोधून आणायला सांगितलं. त्यांनी तेव्हा म्हटलं होतं की नवे रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवावं, पाच वर्षांत संगणक त्यांच्यापेक्षा चांगलं काम करील हे उघडच आहे. ती पाच वर्षं केव्हाच सरली. संगणक एक्स-रे आणि स्कॅन वाचायला मदत करू लागला, हे खरं. पण रेडिओलॉजीच्या जागांसाठी आजही डॉक्टरांची चढाओढ चालते आणि आपल्या बेळगावातही एमआरआयचा रिपोर्ट डॉक्टरच्या सहीनेच हातात पडतो. या क्षेत्रातला एवढा मोठा माणूससुद्धा दिशा बरोबर सांगून मुदत चुकू शकतो. मग मामांच्या दुकानातल्या मुदतीवर एखाद्याने कॉलेज सोडायचं का?

मामांचंही भाकीत वहीत आलं. ते मुलाने स्वतःहून लिहिलं होतं. २०२१ मध्ये मामा घरी येऊन सांगून गेले होते की ट्विटर आता संपलं, यापुढे सगळे 'कू' या ट्विटरसारख्याच देशी ॲपवर. घरातल्या सगळ्यांची खातीही त्यांनीच उघडून दिली. बंगळूरचं ते 'कू' जुलै २०२४ मध्ये बंद पडलं आणि ट्विटर नाव बदलून 'एक्स' म्हणून चालू आहे. मामा वाईट नाहीत. भाच्यावर त्यांचा जीव आहे आणि मोबाईलचा डिस्प्ले ते डोळे मिटून बदलतील. पण घरात मोबाईलमधलं सगळ्यात जास्त कळणारा माणूस म्हणून एआयवरचं त्यांचं मतही निकालासारखं धरलं गेलं. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना मत द्यायला काही लागत नाही. ते मत घरी जेवणाच्या ताटाजवळ येतं तेव्हा मात्र एखाद्याचं वर्ष वाया जाऊ शकतं.

वहीमुळे मुलगा थोडा सावरला, तरी कॉलेजला जाईना. मग मी त्याला विचारलं, "समज, उद्या सकाळी बातमी आली की एआय बंद पडलं. काय करशील?" उत्तर यायला वेळ लागला. शेवटी म्हणाला, "तरी पण बॅकलॉग आहेच की."

दोन विषय राहिले होते, गणित आणि डेटा स्ट्रक्चर. हे घरी कुणालाच माहीत नव्हतं.

मला अशी मुलं बरीच भेटतात. जवळचा प्रश्न लाजेचा असतो, तो कुणाला सांगता येत नाही. दूरचा प्रश्न जगाचा असतो, त्यावर चारचौघांत बोलता येतं. "मी नापास झालो" हे म्हणणं अवघड आणि "या शिक्षणाला भविष्यच नाही" हे म्हणणं सोपं. मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याची भीती खरी होती, फक्त ती पुस्तक न उघडण्याच्या उपयोगी पडत होती. पालकांनी याला आळस म्हटलं की मुलगा आणखी आत जातो, म्हणून मी वडिलांना तसं म्हणू दिलं नाही.

पुढच्या वेळी तो डेटा स्ट्रक्चरची जुनी प्रश्नपत्रिका घेऊन आला. मी म्हटलं, यातला एक प्रश्न तुझ्या त्या चॅटजीपीटीला घाल. क्षणात उत्तर आलं, कोडसकट, अगदी सुबक. मी विचारलं, "बरोबर आहे का हे?" तो स्क्रीनकडे बघत राहिला. त्याला सांगता येईना. मग त्याने स्वतःच कागद घेतला, एक-एक ओळ हाताने चालवून पाहिली, मध्ये अडला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. जाताना कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "हे घरी करून बघतो." ही यंत्रं नेहमीचा कोड झटक्यात लिहून देतात, आणि त्यामुळे नवख्यांच्या वाट्याची काही कामं कमी होणार, हे मी त्याच्यापासून लपवलं नाही. पण लिहून आलेलं बरोबर की चूक हे ज्याला कळतं, त्याची गरज राहते, आणि ते कळायला त्याला मागे राहिलेला तोच विषय लागणार होता.

यंत्रामुळे माणसांचं काम जातं हे त्याच्या घराला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. आजोबांच्या हातमागाचा धोटा माळ्यावर पडून आहे, असं वडिलांनीच सांगितलं. मी त्यांना विचारलं, तुमचे माग गेले तेव्हा तुम्ही काय केलंत? ते म्हणाले, "एकदम गेले नाहीत ओ. दोन-तीन वर्षं दिसत होतं. तेवढ्यात मी लेथ शिकून घेतलं." मुलाने हे पहिल्यांदाच ऐकलं. त्याला वाटत होतं, वडिलांना आयतीच नोकरी लागली असेल. त्या दिवशी माझ्यापेक्षा वडीलच जास्त बोलले आणि ते योग्यच झालं.

बॅकलॉगचं मुलाने स्वतःच सांगितलं, माझ्यासमोर. वडील चिडले, मग गप्प झाले, मग विचारलं, "कर्जाचं काय पण?" शैक्षणिक कर्ज होतं आणि डिग्री हातात पडल्या पडल्या हप्ते सुरू होणार अशी दोघांचीही समजूत होती. अशा कर्जात साधारणपणे शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष सवलतीचं असतं. मी त्यांना बँकेत जाऊन आपल्या कर्जाच्या अटी विचारून यायला सांगितलं. ते गेले, आणि आल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झालेला होता. एआयबद्दलची निम्मी भीती या हप्त्याचीच होती.

बाकी जे ठरवलं ते साधं आहे. रात्री दहानंतर मोबाईल स्वयंपाकघरात. काळजी करायची ती संध्याकाळी सहा ते साडेसहा, वही घेऊन बसून. दिवसा विचार आला की वहीत एक शब्द टिपायचा आणि सहापर्यंत थांबवायचा. ही पद्धत चिंतेच्या उपचारात बरीच वर्षं वापरली जाते आणि ती चालते, कारण विचार दाबायचा नसतो, फक्त त्याची वेळ ठरवायची असते. टेक्नॉलॉजीच्या बातम्या आठवड्यातून एकदा, रविवारी. शिक्षण बदलायचं की नाही यावर बोलायचं ते फक्त सेमिस्टर संपल्यावर, मधे नाही. वडिलांनी जेवताना "काय म्हणतंय तुझं एआय?" हे विचारणं बंद केलं. फॅमिली ग्रुपवर मामांचे फॉरवर्ड येतात, ते येऊ देत. मुलगा त्यांच्याशी वाद घालत नाही, आणि वडील त्याच्याकडे उत्तर मागत नाहीत.

डेटा स्ट्रक्चर सुटला. गणित अजून राहिलंय. सहाची वही चालू आहे, मधूनमधून एखादी रात्र खराबही जाते.

आता ज्यांच्या घरी असाच मुलगा किंवा मुलगी आहे त्यांना. नोकरी लागेल की नाही याचं भाकीत माझ्याकडे मागू नका, मामांकडेही मागू नका. आधी एवढं विचारा: "बातम्या सोडल्या तर तुला या आठवड्यात कशाची काळजी आहे?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा, मधे बोलू नका. दोन आठवडे उलटूनही झोप आणि जेवण नीट नसेल, मूल कुणाशी बोलत नसेल, तर समुपदेशनावरच थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि जगण्यात अर्थ नाही असं बोलणं आलं तर एक दिवसही वाट पाहू नका, मुलाला एकटं सोडू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र मोफत आहे. कन्नडशिवाय मराठीतही बोलता येतं. नंबर आजच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.