युवा अकादमींचा मागोवा घेताना सुरुवातीला एवढेच करा

मुंबईच्या कूपरेज मैदानावर मुलांचे फुटबॉल सामने पाहता पाहता तुम्ही युरोपातील अकादमींकडे वळलात, याचा मनापासून आनंद वाटला. आरंभी एकच अकादमी निवडा आणि तिचे चढउतार दोन्ही पाहा. त्यासाठी बार्सिलोनाची ला मासिया उत्तम. 2010 च्या बॅलन डी'ओर या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्कारातील पहिले तिघे, म्हणजे मेस्सी, इनिएस्ता आणि झावी, तिथलेच होते. पुढे क्लबने महागडे खेळाडू आणण्याचा सपाटा लावला आणि मुलांची वाट अडली. मात्र तिजोरीत खडखडाट झाल्यावर पुन्हा त्यांच्यावरच भिस्त ठेवावी लागली आणि एप्रिल 2023 मध्ये लामिन यमाल वयाच्या 15 व्या वर्षी वरिष्ठ संघात उतरला.

नवे अभ्यासक हमखास दोन चुका करतात:

- युवा स्पर्धांचे चषक मोजणे. लंडनच्या चेल्सी क्लबने 2014 ते 2018 सलग पाच वेळा एफए युवा चषक ही इंग्लंडमधील युवा संघांची स्पर्धा जिंकली, तरी माउंट, अब्राहम यांच्यासारख्या अकादमीतल्या खेळाडूंना वरिष्ठ संघाचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते 2019 मध्ये क्लबवर खेळाडू खरेदीची बंदी आल्यावर. माझ्या मते, अकादमी जोखण्यासाठी वरिष्ठ संघात मिळालेली मिनिटे हाच खरा निकष आहे.
- विकला गेलेला खेळाडू अपयशी समजणे. नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबचे अर्थकारण अशा विक्रीवरच उभे आहे.

प्रशिक्षण-भरपाईचे (खेळाडू घडवणाऱ्या क्लबला मिळणाऱ्या मोबदल्याचे) नियम आणि अकादमींच्या श्रेणी तूर्त बाजूला ठेवा. या हंगामापुरती पाच-सहा मुलांची नावे वहीत लिहा आणि दर आठवड्याला त्यांची मिनिटे नोंदवत जा.