डेंड्रिटिक पेशींची लस आणि स्तनाचा कर्करोग

प्रश्न : माझ्या वहिनींच्या स्तनातील कर्करोगाची गाठ ‘हर-टू पॉझिटिव्ह’ (पेशींवर हर-टू नावाचे प्रथिन जास्त असलेली) निघाली असून बेळगावात केमोथेरपी सुरू आहे. रुग्णाच्याच रक्तापासून केलेल्या डेंड्रिटिक पेशींच्या लसीने हा आजार बरा होतो, असे एका नातेवाइकांनी सांगितल्यापासून केमो थांबवावी, असे घरात बोलले जात आहे. काय करावे? — एक वाचक, निपाणी

उत्तर : केमो थांबवू नका, एवढे पहिल्यांदा सांगतो. लसीमागचे शास्त्र मात्र खरे आहे. शरीरात शिरलेल्या परक्या घटकाचे तुकडे टी-पेशींना (रोगाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) दाखवून त्यांना लढण्यास सज्ज करणे, हे डेंड्रिटिक पेशींचे काम. शास्त्रज्ञ राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये त्यांचे वर्णन केले व २०११ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. लस करताना रुग्णाच्या रक्तातील मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून, प्रयोगशाळेत काही दिवस वाढवून त्यांच्या डेंड्रिटिक पेशी बनवतात, त्यांना गाठीतील प्रथिनांची ओळख करून देतात आणि त्या पुन्हा टोचतात.

अडचण पुढे येते. वाढलेली गाठ आपल्याभोवती प्रतिकारशक्तीला दाबणारी द्रव्ये सोडत असल्यामुळे, लसीने सज्ज झालेल्या टी-पेशीही तिथे पोहोचून निष्प्रभ ठरू शकतात. म्हणूनच हर-टू प्रथिनावरील अशा लसीचे आशादायक प्रयोग मुख्यतः दुधाच्या नलिकांपुरत्या मर्यादित, अगदी आरंभीच्या कर्करोगात झाले. अमेरिकेत २०१० मध्ये याच तत्त्वावरील एका उपचाराला मान्यता मिळाली, पण ती प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगासाठी. त्यातही रुग्णांचे आयुष्य सरासरी सुमारे चार महिन्यांनी वाढले. स्वतः स्टाइनमन यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तेव्हा त्यांनी डेंड्रिटिक पेशींच्या लसी घेतल्या, परंतु शस्त्रक्रिया आणि केमोही घेतली, हे आपल्या घरच्यांना आवर्जून सांगावे.

वहिनींच्या बाबतीत ‘हर-टू पॉझिटिव्ह’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे, कारण त्याच प्रथिनाला जखडणारे ट्रास्टुझुमॅब हे सिद्ध झालेले औषध उपलब्ध आहे. बंगळूरच्या बायोकॉनने २०१४ मध्ये त्याचे जैवसदृश रूप (मूळ औषधाशी अगदी मिळतेजुळते औषध) बाजारात आणले. ते सुरू आहे का आणि त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकत असल्याने हृदयाची इको तपासणी केव्हा होणार, हे डॉक्टरांना विचारा. कुणी लस देऊ केलीच, तर ती चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत आहे का आणि नीतिसमितीची मंजुरी आहे का, हे लेखी मागा. प्रायोगिक लसीसाठी लाखांची रक्कम मागितली, तर पैसे भरण्याआधी कागदपत्रे वहिनींच्या कर्करोगतज्ज्ञांना दाखवा.