सिम्युलिंकचा कोड फ्रीआरटीओएसवर टाकल्यावर मोटर कमी वेगाने का फिरते?

सिम्युलिंक या मॉडेल बनवण्याच्या साधनातल्या मॉडेलवरून एम्बेडेड कोडरने (कोड तयार करणाऱ्या त्याच्या जोडसाधनाने) काढलेला वेगनियंत्रक फ्रीआरटीओएस या मायक्रोकंट्रोलरवरच्या रिअल-टाइम कार्यप्रणालीच्या टास्कमध्ये (स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामात) चालवल्यावर १२०० आरपीएम (मिनिटाला फेरे) मागितले तरी टॅकोमीटर १००० दाखवतो, मॉडेलमध्ये मात्र सारे बरोबर येते, असे तुम्ही विचारले आहे. टास्कच्या शेवटी १० मिलिसेकंदांचा व्हीटास्कडिले (टास्कला ठरावीक वेळ थांबवणारे फंक्शन) आहे हेही तुम्ही लिहिले आहे, आणि माझा संशय त्याच ओळीवर आहे.

तयार झालेल्या कोडला घड्याळ नसते. एन्कोडरच्या (मोटरचे फिरणे मोजणाऱ्या सेन्सरच्या) मोजणीवरून वेग काढताना तो ०.०१ सेकंद हा आकडा गृहीत धरतो, मग स्टेप फंक्शन (नियंत्रकाची एक फेरी चालवणारे फंक्शन) प्रत्यक्षात केव्हाही बोलावले जावो. व्हीटास्कडिले मात्र टास्कचे काम संपल्यापासून १० टिक (कार्यप्रणालीच्या घड्याळाचे ठोके) मोजतो. त्यामुळे एक मिलिसेकंदाचा टिक असताना काम दोन मिलिसेकंदांहून थोडे अधिक चालले, की फेरी १२ मिलिसेकंदांची होते, वेग वीस टक्के जास्त मोजला जातो आणि नियंत्रक मोटर खाली ओढतो. १२०० भागिले १.२ म्हणजे नेमके तुमचे १०००.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका भरणीयंत्रावर मीही हेच भोगले आहे. स्टेप सुरू होताना मायक्रोकंट्रोलरची एक पिन वर आणि संपताना खाली करून तिला स्कोप (ऑसिलोस्कोप) लावला, तेव्हा स्टेपला अर्धा मिलिसेकंदही लागत नव्हता. वेळ खात होती त्याच टास्कमधली सिरियल पोर्टवरची छपाई. ११५२०० बॉडला (सेकंदाला इतके बिट) २५ अक्षरांची ओळ जायला सुमारे २.२ मिलिसेकंद लागतात. (ती ओळ दोष शोधण्यासाठीच मी घातली होती.)

छपाई कमी प्राधान्याच्या टास्ककडे द्यावी आणि व्हीटास्कडिलेऐवजी एक्सटास्कडिलेअनटिल वापरावा, तो मागच्या जागृतीपासून वेळ मोजतो. त्याला द्यायची मागच्या जागृतीची वेळ लूपच्या बाहेर एकदाच भरावी; दर फेरीत थांबण्याच्या आधी नव्याने भरली, तर मूळचाच दोष परत येतो. हे फंक्शन टास्क थांबलाच नाही तर तसे परतमूल्याने कळवते, म्हणजे काम वेळेत आटोपले नाही हे तिथेच समजते. ते मूल्य तपासल्याशिवाय सोडू नये.

पुढे मॉडेलमध्ये स्टेप चालवण्याचे दोन वेगवेगळे दर आले, तर वेगवान दराला वरचे प्राधान्य द्यावे. फ्रीआरटीओएसमध्ये मोठा आकडा वरचा असतो, व्हीएक्सवर्क्स या दुसऱ्या रिअल-टाइम कार्यप्रणालीत उलट शून्य सर्वांत वरचा.