"वहिनी, एवढं कोण वाकून बघणार आहे?"

प्रश्न असा आहे की जुनी गाडी पुन्हा उभी करताना बोल्ट, स्क्रू, क्लिपा, वायरी असल्या बारीकसारीक वस्तूही मूळच्याच हव्यात हा हट्ट कशाला, आणि मूळचं काय होतं हे कळायचं तरी कसं?

"हट्ट कशाला" हा सूर माझ्या चांगल्याच ओळखीचा आहे. आमच्या घरात तो धाकट्या दिरांचा. सासऱ्यांची एमजी टीडी, म्हणजे जुनी इंग्रजी स्पोर्ट्स गाडी, आम्ही दोघांनी मिळून कामाला काढली, तेव्हापासून "वहिनी, एवढं कोण वाकून बघणार आहे?" हे ऐकून ऐकून कान किटले. तिथे मी उत्तर देणं सोडून दिलंय. इथे देते.

टीडी १९४९ ते १९५३ या काळातली. साडेबाराशे सीसीचं इंजिन, जोडीचे एसयू कार्ब्युरेटर, पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा, हे तुम्हाला माहीत असेलच. बऱ्याच जणांना माहीत नसतं ते तिच्या बोल्टांचं. गाडी इंग्रजी, पण इंजिनाचे आटे मेट्रिक! एमजीच्या मागे असलेल्या इंग्रजी मोटारवाल्या मॉरिसने १९२३ साली हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला इंजिनांचा कारखाना घेतला. तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी. ती बदलायचा खर्च कोण करणार? मग आटे मेट्रिकच ठेवले आणि बोल्टची डोकी तेवढी व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची मापाची केली, म्हणजे तिकडच्या मेकॅनिकला पेटीतलेच पाने चालावेत. हे धेडगुजरी प्रकरण पुढे टीडीच्या इंजिनापर्यंत आलं.

त्यामुळे होतं काय, की ८ मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं भरतं साधारण १३.३ मिलिमीटर. तेराचा पाना जात नाही, चौदाचा सैल बसतो आणि घसरून कोपरे खातो. आमच्या सम्पचे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचे, बरेच बोल्ट आधीच्या कुणीतरी चौदाच्या पान्याने असेच गोल करून ठेवले होते. ते पाहून भाऊजींनी ठरवलं, सगळे फेकायचे. चकचकीत स्टेनलेसचे ॲलन बोल्ट घेऊन आले. मी म्हटलं, थांबा, पिच बघा, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. या इंजिनात ८ च्या बोल्टची पिच १ मिलिमीटर असते आणि नुसता ८ चा बोल्ट मागितला की दुकानदार सव्वाची देतो. "वहिनी, आठ म्हणजे आठ."

मी सीटच्या कामात गुंतले होते तेवढ्यात भाऊजी गाडीखाली गेले. बोल्ट हाताने दोन आटे बसला आणि अडला. खरं तर तिथेच हात थांबायला हवा. भाऊजींना वाटलं भोकात कचरा आहे, म्हणून त्यांनी रॅचेट लावला. बोल्ट गेला आत, अगदी टेचात. काढला तेव्हा त्याच्याबरोबर बिडाची काळी पूड बाहेर आली. ब्लॉकचे आटे गेले होते. सत्तर वर्षं टिकलेले आटे!

मग ते भोक मोठं करून, नवे आटे पाडून, त्यात तारेचं इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांचं काम करणारं तारेचं वेटोळं, बसवायचं काम आलं. तेही उताणं पडून, डोळ्यांत तेल गळत असताना. ते मी केलं. कोण वाकून बघणार, तर मी.

मूळचे बोल्ट मी डब्यात जपून ठेवले होते. जुने व्हिटवर्थ पाने मिळवले, बरे बोल्ट साफ करून परत लावले आणि गोल झालेल्यांच्या जागी त्याच पिचचे शोधून आणले. आता कुणी म्हणालं की बारीक तपशील हे प्रदर्शनात मिरवणाऱ्यांचे चोचले आहेत, तर माझं डोकं फिरतं. कारखान्याने तो बोल्ट तसा का केला याला कारण असतं. ते कळत नसेल तर निदान तो फेकू नये.

आणि खरा घोळ स्वस्त कामापेक्षा अति चकचकीत कामाने होतो. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीची गाडी आणि तिच्यावर झगझगीत क्रोम! तेव्हा निकेल असायचं, किंचित पिवळसर, उबदार झाक असलेलं. क्रोम त्या दशकाच्या उत्तरार्धात आलं. फिलिप्सचा चौफुलीचा स्क्रू गाड्यांत आला तो १९३६ च्या कॅडिलॅकपासून, तरी त्याआधीच्या गाड्यांच्या दारांवर तो सर्रास दिसतो. सीटच्या कापडाला हाताने ठोकलेल्या बारीक खिळ्यांच्या जागी स्टेपलरच्या पिना दिसतात. चॅसिसच्या पोटाला आरशासारखा रंग देतात, जो कुठल्याही कारखान्याने कधी दिला नसेल. अमेरिकेत पेबल बीचला १९५० पासून देखण्या गाड्यांची स्पर्धा होते. २०२४ साली तिथे पहिलं बक्षीस १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळालं आणि ती रिस्टोअर न केलेली गाडी होती. भाऊजींना ही बातमी मी मुद्दाम पाठवली. त्यांनी अंगठा पाठवला.

मूळचं कसं कळणार? जिथे कुणाचा हात पोचला नाही तिथे बघा. डॅशबोर्डच्या मागे, सीटच्या खाली, कारखान्याच्या पत्र्याच्या पाटीखाली. मूळ रंग तिथे सापडतो, कापडी वेष्टणाच्या वायरीचा तुकडाही. खोलण्याआधी फोटो काढा, प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवा, वर चिठ्ठी. पार्ट्स कॅटलॉग जरूर मिळवा, पण त्यातल्या चित्रावर डोळे मिटून विश्वास नको. चित्र आधी काढलेलं असतं, गाडीला लागतं ते त्या दिवशी कारखान्यात हाताशी असलेलं. तुमची गाडी कोणती हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे याहून नेमकं सांगता येणार नाही.

हो, एक राहिलं. ब्रेकचे होज, पेट्रोलचे पाइप, टायर यांत मूळपणाचा हट्ट धरू नका. रबर म्हातारं झालं की झालं, नवं घाला. रोज चालवायची गाडी असेल तर आणखीही थोडी सूट घ्या. पण स्टीअरिंगला आणि सस्पेन्शनला शोभेचे स्टेनलेस बोल्ट अजिबात नकोत, साधा स्टेनलेस हायटेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणाऱ्या पोलादी बोल्टइतका ताकदीचा नसतो. ॲल्युमिनियमच्या सम्पलाही नकोत, ओल लागली की सांध्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. चमकणारे बोल्ट हवेतच असतील तर नंबरप्लेटला लावा. तिथे माझी हरकत नाही, आमच्या गाडीला भाऊजींनी लावलेत.